निर्जन खडकाचा धनी कोण?

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशाच्या यादीत झाली, तेव्हा पुणे शहरात जो आनंद व्यक्त झाला तो सर्वस्वी योग्यच होता. बारांपैकी राजगड, शिवनेरी आणि लोहगड हे तीन तर आपल्याच जिल्ह्यातले. रायगड आणि प्रतापगड यांची महती कोणी कोणाला सांगावी लागत नाही. परंतु त्या यादीत असे एक नाव आहे की, त्याचा उल्लेख अभिनंदनाच्या भाषणांत झाला तो केवळ यादी पुरी करण्यापुरता. ते नाव म्हणजे खांदेरी.

आम्ही पूर्वी शाळामास्तर होतो. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या नकाशात खांदेरी दाखवा, असे वर्गात म्हटले की मुलांची बोटे हटकून जंजिऱ्यावर किंवा अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर जाऊन थांबत. त्यात मुलांचा दोष नव्हता. मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर समुद्रात असलेले हे बेट नकाशात शाईच्या ठिपक्याएवढेच असते, आणि त्याच्या व किनाऱ्याच्या मध्ये असलेली उंदेरी पुष्कळ नकाशांत तेवढ्याही मानाची धनी होत नाही. इंग्रज कागदपत्रांत या जोडीला 'हेन्री-केनरी' असे नाव पडले आहे. खांदेरी-उंदेरीचे इतके गोजिरवाणे इंग्रजीकरण दुसरे आढळणार नाही. या ठिपक्यांसाठी तीन सत्ता महिनोन्महिने एकमेकींशी झुंजल्या. ही हकीकत आज सांगण्याचे कारण नुसते स्मरणरंजन नव्हे. ओसाड बेटाचा धनी कोण, हा प्रश्न आजही जगाच्या पाठीवर ठिकठिकाणी धुमसतो आहे, आणि त्याचे जे उत्तर १६७९ साली खांदेरीवर मिळाले ते आज आपल्यालाच लागू करून घेण्याची वेळ आली आहे.

प्रथम इंग्रजांचा हक्क पाहू. तो कागदावर उभा होता, आणि तो कागद होता लग्नाचा. २३ जून १६६१ च्या तहाने पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाकडे आले. परंतु 'मुंबई' म्हणजे नेमके काय? इंग्रज म्हणत, मुंबई आणि तिच्याबरोबरची सारी बेटे. पोर्तुगीज अधिकारी म्हणत, मुंबई म्हणजे मुंबई, माहीमसुद्धा तीत नाही. लिस्बन आणि लंडन येथे एका रात्रीत गोड झालेला करार हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर चार वर्षे कडूच राहिला. मुंबईचा ताबा घ्यावयास १६६२ मध्ये आलेल्या सर अब्राहम शिपमन यांना पोर्तुगीज व्हाइसरॉयने ताबा नाकारला, आणि ते आपल्या सुमारे चारशे सैनिकांसह कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर जाऊन बसले. त्या बेटाने इंग्रजांशी युद्ध केले नाही. त्याने फक्त पावसाळा दाखविला. शिपमन स्वतः १६६४ मध्ये तेथेच वारले, आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये हंफ्री कुक यांनी मुंबईत पाऊल ठेवले तेव्हा त्या चारशेंपैकी शंभराच्या आतबाहेर माणसे उरली होती. पुढे १६६८ मध्ये राजेसाहेबांनी हे डोकेदुखीचे आंदण वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकले. खांदेरीवरील कंपनीचा हक्क तो हाच : एका संदिग्ध कागदाच्या पोटातला आणखी एक संदिग्ध हक्क. त्या बेटावर कंपनीने तोवर एक चिरासुद्धा बसविला नव्हता.

छत्रपती शिवाजी महाराजांपाशी असा कागद नव्हता. त्यांच्यापाशी एक अडचण होती. जंजिऱ्याचा सिद्दी हा मोगलांचा दर्यासारंग, आणि त्याचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आश्रयास राही. तेथून तो कोकणच्या किनाऱ्यावर उतरे, गावे जाळी, माणसे धरून नेई. मुंबई आणि जंजिरा यांच्यामध्ये पाय रोवण्यास जागा हवी होती, आणि ती जागा खांदेरी होती. तेथे बसणाऱ्याला मुंबई बंदरात येणारे-जाणारे प्रत्येक गलबत दिसते, ही गोष्ट महाराजांना ठाऊक होती आणि दुर्दैवाने इंग्रजांनाही ठाऊक होती. १६७२ मधील पहिला प्रयत्न त्यामुळेच सोडून द्यावा लागला. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मात्र मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला, आणि त्याने तटाच्या कामास हात घातला. हे बेट मुंबईचे आहे, ते सोडून जा, असा निरोप इंग्रजांनी धाडला. धन्याच्या हुकमावाचून हलणार नाही, असे मायनाकाचे उत्तर आले. राज्यशास्त्राच्या ग्रंथांत सार्वभौमत्वाची व्याख्या पुष्कळ पाने घेते. मायनाकाने ती एका वाक्यात आटोपली होती.

पुढील चार महिन्यांची हकीकत इंग्रजांच्याच पत्रव्यवहारात तपशिलाने आली आहे. त्यातील पुष्कळसा भाग याच शहरातून शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली छापून प्रसिद्ध केला, ही पुणेकरांनी अभिमानाने सांगावी अशी, पण सहसा न सांगितली जाणारी गोष्ट आहे. इंग्रजांनी बेटाला गस्त घातली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचे धाडस केले, आणि तो दोन सोबत्यांसह ठार झाला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखाली मराठ्यांचे आरमार इंग्रज जहाजांवर चालून आले. 'डव्ह' नावाच्या जहाजाने निशाण उतरविले, बाकीची लहान जहाजे दूर राहिली, आणि 'रिव्हेंज' हे एकटे मोठे जहाज केग्विन आणि मिन्चिन या दोन कप्तानांसह मध्ये सापडले. आमच्या काही उत्साही लेखकांनी या दिवसाचे वर्णन मराठ्यांचा संपूर्ण विजय असे केले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. 'रिव्हेंज'च्या तोफांपुढे मराठ्यांची गलबते मागे हटली आणि नागोठण्याच्या खाडीकडे निघून गेली. समुद्रावरील त्या दिवसाची लढाई इंग्रजांनी हातची जाऊ दिली नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. कारण ते मान्य केल्याखेरीज खरा विजय कोणता हे कळत नाही.

खरा विजय त्यानंतरच्या रात्रींचा होता. इंग्रजांची जहाजे मोठी, त्यांना पाणी खोल लागे आणि वाराही लागे. थळ-नागावच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या हलक्या होड्यांना दोहोंचीही फारशी पर्वा नव्हती. वारा पडला की होड्या निघत. अंधारात खडकांच्या आडून बेटाला लागत. धान्य, दारूगोळा, बांधकामाचे सामान उतरवून पहाटेपूर्वी परतत. दिवसा इंग्रजांनी पाहावे तो तट काल होता त्याहून थोडा उंच झालेला! वल्ही मारणाऱ्या या माणसांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. तथापि खांदेरी राखली ती मायनाकाच्या चार तोफांनी जितकी, तितकीच किंबहुना अधिक या होड्यांनी. रसदेचे हे मर्म महाराजांना पुरते उमगले होते. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभारला जात असता तेथे सामान पोचविण्यात हयगय करणाऱ्या सुभेदाराला त्यांनी ज्या शब्दांत खडसावले ते पत्र उपलब्ध आहे. बेट जिंकणे हा एका दिवसाचा पराक्रम असतो. ते धरून ठेवणे म्हणजे तीनशे पासष्ट दिवसांचे कोठीघर चालविणे होय.

नोव्हेंबरात सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीस आले, आणि तेव्हा या नाटकातील सर्वांत मौजेचा प्रवेश घडला. सिद्दीने खांदेरी घेतली तर तो ती आपल्याला देणार नाही, स्वतःच ठेवील, हे इंग्रजांच्या ध्यानात आले. शत्रूपेक्षा मित्राचीच धास्ती वाटू लागली. खर्च वाढत चालला, सुरतेचे वरिष्ठ कुरकुरू लागले. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तेथे स्वतःचे ठाणे घातले, आणि इंग्रजांनी आपली जहाजे माघारी बोलाविली. ओसाड असलेली दोन बेटे वर्षाच्या आत समोरासमोर तोफा रोखून बसली. संभाजी महाराजांनी त्याच वर्षीच्या पावसाळ्यात उंदेरीवर केलेला हल्ला फसला. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून याने कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यातील खांदेरीवर आरमार पाठविले, ते हात हलवीत परत आले. उंदेरी मराठ्यांकडे यावयास पेशवाईतील १७५९ साल उजाडले; तेव्हा तिचे नाव 'जयदुर्ग' ठेवण्यात आले, परंतु लोकांनी ते काही उचलले नाही. १८१८ नंतर खांदेरी इंग्रजांची झाली. लग्नाच्या कागदाने जे मिळाले नव्हते ते मिळावयास त्यांना दीडशे वर्षे आणि साऱ्या मराठी राज्याचा अस्त लागला. १८६७ मध्ये त्यांनी तेथे दीपगृह बांधले, ते आजही उभे आहे. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले.

दीपगृहाचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. बेटाच्या मालकीच्या वादात दिव्याला किती मोल येते, हे २००८ साली हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दिसले. सिंगापूर आणि मलेशिया यांच्यामध्ये पेद्रा ब्रांका नावाचा एक खडक आहे. मूळ हक्क जोहोरच्या सुलतानाचा होता, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु त्या खडकावर १८५१ पासून ब्रिटिशांचे आणि नंतर सिंगापूरचे दीपगृह. जहाज फुटले तर चौकशी सिंगापूरची. आणि १९५३ साली जोहोर सरकारने, या खडकावर आमचा मालकी दावा नाही, असे पत्रच लिहून दिलेले. न्यायालयाने खडक सिंगापूरच्या पदरात घातला. ज्याने वर्षानुवर्षे दिवा लावला त्याचे घर, असा याचा साधा मराठी अर्थ आहे.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण फार करुण आहे. प्रशांत महासागरातील क्लिपरटन बेटावर फ्रान्सने १८५८ मध्ये जहाजावरूनच मालकी जाहीर केली आणि ती होनोलुलूच्या एका वृत्तपत्रात छापविली. मेक्सिकोने १८९७ मध्ये तेथे माणसे उतरविली आणि पुढे एक लहानशी वसाहतच ठेविली. १९१४ मध्ये तेथे सुमारे शंभर माणसे होती. मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला, रसदेचे जहाज येईनासे झाले आणि माणसे अन्नावाचून व रोगाने मरत गेली. जुलै १९१७ मध्ये एक अमेरिकन युद्धनौका तेथे पोचली तेव्हा चार स्त्रिया आणि सात मुले एवढीच जिवंत होती. १९३१ मध्ये लवाद म्हणून इटलीच्या राजाने बेट फ्रान्सला दिले. निर्मनुष्य बेटाला नुसती घोषणा पुरते, असा या निवाड्याचा आशय आहे, आणि येथे आमच्या प्रतिपादनाला छेद जातो हे आम्ही लपवीत नाही. न्यायाधीशाला कागद पुरला. पण आपल्या माणसांना तेथे बसवून मग विसरून जाणारे राज्य त्या माणसांच्या दृष्टीने धनी होते काय?

या खडकांचे मोल आज वाढले आहे ते १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारामुळे. मनुष्यवस्ती किंवा स्वतःचे अर्थजीवन पेलू न शकणाऱ्या खडकाला सभोवार बारा सागरी मैलांचा समुद्र मिळतो. ते पेलू शकणाऱ्या बेटाला दोनशे मैलांचा. भर समुद्रातील एकाच बिंदूभोवती दोनशे सागरी मैलांचे वर्तुळ काढले तर सव्वाचार लाख चौरस किलोमीटरहून अधिक पाणी आत येते. आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन लाख सात हजार आहे! दक्षिण चीन समुद्रात बुडते खडक भरून धावपट्ट्या बांधण्याचा जो उद्योग चालला आहे त्याचे गुपित या हिशेबात पुष्कळसे सापडते. २०१६ च्या लवादाने तेथील इटू आबा या बऱ्यापैकी बेटालाही खडकच ठरविले. चीनने तो निवाडा झुगारला.

आपल्या देशाचा अनुभवही विविध आहे. १९७० च्या भीषण चक्रीवादळानंतर बंगालच्या उपसागरात वर आलेले न्यू मूर बेट आमचे की बांगलादेशाचे, यावर १९८१ मध्ये नौदलाची जहाजे समोरासमोर आली. आम्ही तेथे ध्वजही उभारला. २०१० मध्ये ते बेट समुद्राने परत घेतल्याचे संशोधकांनी जाहीर केले, आणि २०१४ च्या लवादाने तेथील सागरी सीमा आखली तेव्हा भांडणाचे कारण पाण्याखाली होते. कच्छतीवूचे प्रकरण मात्र असे निकालात निघालेले नाही. रामनादच्या संस्थानिकांचा हक्क सांगितला जाणारे हे २८५ एकरांचे, गोड्या पाण्यावाचूनचे बेट १९७४ च्या कराराने श्रीलंकेकडे गेले. त्यावर दर निवडणुकीत वाद होतो. बेट दिले हे बरे की वाईट, यावर आम्ही येथे निकाल देत नाही. आमचे लक्ष त्या करारातील दुसऱ्या गोष्टीकडे आहे. भारतीय मच्छीमारांनी व यात्रेकरूंनी पूर्वीप्रमाणे तेथे जावे, असे १९७४ मध्ये लिहिले गेले. १९७६ च्या पत्रव्यवहाराने एकमेकांच्या पाण्यात मासेमारी करण्यास मनाई झाली. राहिली ती संत अँटनीची यात्रा. आज रामेश्वरमचा मच्छीमार तुरुंगात जातो, आणि आमच्या बाजूच्या यांत्रिक ट्रॉलरांनी समुद्राचा तळ खरवडल्याबद्दल जाफन्याचा तमिळ मच्छीमार आक्रोश करतो. दोघांच्याही आजोबांनी त्या बेटावर जाळी वाळविली होती. करार करताना या दोघांनाही कोणी विचारले नव्हते.

येथून आम्ही पुन्हा खांदेरीवर येतो. इंग्रज, मराठे, सिद्दी या तिघांच्या भांडणात चौथा माणूस प्रथमपासून होता, तो म्हणजे कोळी. बेटावरील वेताळाचे स्थान त्याचे आहे. तट असो वा नसो, झेंडा कोणाचाही असो, तो नवस फेडावयास तेथे जात आला. 'निर्मनुष्य' हा शब्द आपण जमिनीवरची माणसे वापरतो. ज्याचे शेत पाण्यात आहे त्याला ते बेट म्हणजे बांधावरचे झाड. रात्री वारा पडल्यावर होड्या कोणत्या खडकाआडून न्यावयाच्या, हे मायनाकाच्या माणसांना कळले ते याच पिढीजात ज्ञानातून, याविषयी आम्हाला संदेह नाही.

आता जागतिक वारशाचे प्रमाणपत्र हाती आले आहे. तो मानाचा कागद आहे, पण अखेर तोही कागदच. त्याने खांदेरीचा तट पावसात टिकणार नाही. शासनाने या बेटासाठी जे काही योजावयाचे असेल त्यात प्रथम टाकी आणि तट यावेत, उपाहारगृह व छायाचित्रांसाठी चौथरे नंतर, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. सुरक्षिततेच्या किंवा पर्यटनाच्या नावाखाली थळच्या कोळ्याला वेताळाच्या दर्शनासाठी तिकीट काढावे लागू नये, ही दुसरी. आणि तिसरी गोष्ट उंदेरीची. बारा किल्ल्यांच्या यादीत ती नाही. खांदेरीचा इतिहास उंदेरीवाचून अर्धा आहे. एकीचे तट दुसरीच्या तोफांना उत्तर म्हणून उभे राहिले. शत्रूने बांधलेला किल्ला म्हणून ती आपल्या ममतेबाहेर राहिली असेल तर तो कोतेपणा होय; आणि केवळ विसर पडला असेल तर किनाऱ्यावर उभे राहून एकदा समोर पाहावे. तिच्या संरक्षणासाठी पॅरिसच्या अनुमतीची गरज नाही. पुरातत्त्व खात्याचा एक अभियंता, दोन गवंडी आणि पावसाळा संपताच थळहून निघणारी एक होडी एवढ्यावर आरंभ करता येईल.